भेंडीचा केवडा आणि रानभेंडीचे ऋण



भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की केवडा आला असे आपण म्हणतो. मुंबई इलाख्यात या रोगाची नोंद १९२४ साली झाली. त्याचे मूळ एका विषाणूत आहे. तो बियाण्यातून येत नाही. रोगट पानातील रस शोषणारी पांढरी माशी त्याला निरोगी झाडावर नेते. कोवळ्या वयात लागण झाली, तर हंगाम हातचा जातो.

जिवंत पेशींवाचून विषाणूची वाढ होत नाही. म्हणून शेत मोकळे असता तो बांधावरील काही तणांच्या आश्रयाने राहतो. यजमान मेला तर विषाणूचाही आधार तुटतो. त्यामुळे रानात उभयतांची तडजोड दिसते. एकाच वाणाच्या सलग शेतात मात्र त्याला मोकळे रान मिळते.

दिल्लीत विकसित झालेला 'पुसा सावनी' वाण प्रारंभी रोगास दाद देत नसे. पुढे ती शक्ती ओसरली. तेव्हा परभणीच्या कृषि विद्यापीठाने त्याचा रानटी जातीशी संकर करून 'परभणी क्रांती' वाण सिद्ध केला. कालांतराने तोही अनेक ठिकाणी बळी पडू लागला. विषाणूही बदलत असतो.

तेव्हा रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे, शेताभोवतीचे तण काढावे आणि पांढऱ्या माशीवर लक्ष ठेवावे. मात्र डोंगरउतारावरील रानभेंडी नामशेष होऊ देऊ नये. उद्याच्या वाणाचे बळ कदाचित तिच्याच बीजात असेल.