प्रशिक्षकाच्या पदरात काय पडतं?



‘एवढी वर्षं उन्हातान्हात मैदानावर उभं राहून तुम्हाला मिळालं काय?’ हा प्रश्न पालक मला विचारतात, नुकतंच बी.पी.एड. झालेली मुलंही विचारतात. मी आयुष्यभर शाळकरी मुलामुलींना ॲथलेटिक्स शिकवलं आहे. आजचं व्याख्यान म्हणजे या प्रश्नाला मी मनापासून दिलेलं उत्तर समजा.

आपण शिकवलेलं मूल एक दिवस आपल्यावाचून पुढे जाऊ लागतं. प्रशिक्षकाची सगळ्यात मोठी कमाई ती. पदकाचा आनंद असतोच, तो मी नाकारत नाही. पण ज्याला फक्त पदक हवं असतं, तो चार-दोन वर्षांत मैदान सोडतो. शंभर मुलं शिकवावीत तेव्हा एखादं राज्य स्पर्धेपर्यंत पोहोचतं. उरलेल्या मुलांमध्ये ज्याला रस नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

मी काय म्हणतो त्याचं आपल्या नागपुरातलं उदाहरण म्हणजे विजय बारसे सर. हिस्लॉप कॉलेजात ते क्रीडाशिक्षक होते. २००१ सालच्या पावसात त्यांना झोपडपट्टीतली काही मुलं फुटकी बादली लाथाडत खेळताना दिसली. असं दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं असतं, आणि पाहून पुढे गेलेलो असतो. बारसे सर थांबले. त्यांनी मुलांच्या हाती फुटबॉल दिला आणि पुढे झोपडपट्टी फुटबॉलच्या स्पर्धा भरवल्या. त्यातूनच ‘स्लम सॉकर’ उभं राहिलं. २०१६ साली या संस्थेला फिफाचा विविधतेसाठीचा पुरस्कार मिळाला. २०२२ साली नागराज मंजुळे यांचा ‘झुंड’ आला आणि घराघरांत ही गोष्ट पोहोचली.

मला मात्र यात सगळ्यात जास्त भावतो तो एक नियम. या संस्थेची मुलं बेघरांच्या विश्वचषकात खेळायला जातात. एका बाजूला चारच खेळाडू, छोटंसं मैदान आणि सात-सात मिनिटांचे दोन डाव. त्या स्पर्धेत खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येतं. प्रशिक्षकाच्या जागी उभं राहून याचा विचार करा. तुमचा सगळ्यात तयार मुलगा, ज्याच्या जोरावर पुढच्या वर्षीही सामने काढता आले असते, तो परत आला की त्याचं तिथलं खेळणं संपलं. पुढच्या वर्षी नवी मुलं, आणि पुन्हा चेंडू अडवण्यापासून सुरुवात. इतर खेळांत आपण चांगला खेळाडू धरून ठेवतो, कधीकधी त्याच्या भल्यापलीकडेही धरून ठेवतो. इथे ती सोयच नाही. मग त्या मुलाचं पुढे काय होतं, यावरच शिकवण्याची किंमत ठरते. अखिलेश पॉल हा नागपूरचाच मुलगा. गुन्हेगारीच्या वाटेला लागलेला तो २०१० साली रिओला भारतीय संघाचा कर्णधार म्हणून गेला आणि नंतर स्वतः मुलांना शिकवू लागला. बारसे सरांच्या पदरात काय पडलं ते एवढ्यावरून कळावं.

कधीकधी हे फळ पाहायला प्रशिक्षक उरतही नाही. २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातल्या बातुमीला आपल्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली. वय १९. गावाने तिचं जंगी स्वागत केलं. त्या गडबडीतही तिने आपले पहिले प्रशिक्षक राहुल जोशी यांची आठवण काढली. ते २०२० मध्येच, अवघ्या चाळिशीत गेले. तिने ग्रँडमास्टर व्हावं ही त्यांची इच्छा होती. पुढे तिला मोठमोठे मार्गदर्शक मिळाले असतील, पण पाच-सहा वर्षांच्या मुलीला पटासमोर बसून राहायची गोडी लावणं हे पहिल्या गुरूचं काम. ते जोशी सरांनी केलं. आपल्याकडे गौरव होतो तो बहुधा शेवटच्या प्रशिक्षकाचा. पहिल्याचं नावही कोणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मोठ्यांची उदाहरणं दिली, आता मैदानावरची एक साधी गोष्ट सांगतो. माझ्याकडे नववीतली एक मुलगी होती. धावताना तिचे हात छातीसमोरून आडवे जायचे. हात आडवे गेले की खांदे पिळतात, कंबर पिळते आणि पुढे जायचा जोर बाजूला वाया जातो. ‘कोपर मागे, मूठ खिशापासून हनुवटीपर्यंत’ हे मी तिला रोज सांगायचो. ती मान डोलवायची आणि शिट्टी वाजली की पुन्हा तेच. मग मी सांगणं बंद केलं. तिला पाय लांब करून जमिनीवर बसवलं आणि बसल्या बसल्या जोरात हात चालवायला लावले. तसं बसून हात आडवे गेले की सगळं अंग डोलतं, तोल जातो. दोन मिनिटांत ती हसायला लागली. ‘सर, मीच मला ढकलून राहिली!’ म्हणाली. तिथून पुढे रोज सरावाआधी ती आपणहून तशी बसायची.

खरी परीक्षा थकल्यावर असते, कारण दम संपला की जुनी खोड परत येते. काही महिन्यांनी मानकापूरच्या संकुलात दोनशे मीटरच्या शर्यतीत ती वळणावरून बाहेर आली. शेवटच्या पन्नास मीटरमध्ये चेहरा पिळवटलेला होता, पण हात सरळ चालले होते. ती चौथी आली. हात सरळ राहिले हे प्रेक्षकांत कोणाच्याही लक्षात आलं नसेल, तिच्याही नसेल. मी पाहिलं. त्या सात-आठ सेकंदांचा आनंद मला कुठल्याही करंडकाने दिलेला नाही.

मुलं सोडून जातात, त्याबद्दलही बोललं पाहिजे. आपला ओजस देवतळे नागपूर सोडून साताऱ्याला प्रवीण सावंत यांच्याकडे तिरंदाजी शिकायला गेला. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम लढतीत त्याने १५० पैकी १५० गुण घेतले. त्याच दिवशी सावंतांचीच शिष्या, साताऱ्याची अदिती स्वामी, महिलांमध्ये विश्वविजेती झाली. एका गावात रुजलेलं मूल दुसऱ्या गावात बहरतं. तेव्हा पहिल्या गावच्या प्रशिक्षकाने वाट मोकळी करून दिली पाहिजे. ‘माझा मुलगा पळवला’ अशी भाषा मी मैदानांवर ऐकतो, ती थांबली पाहिजे.

दुसरीकडे जाणाऱ्या मुलाचं मला दुःख नाही. दुःख दहावीचं आहे. जून उजाडला की चांगली धावणारी मुलगी येईनाशी होते. ‘सर, यंदा दहावी आहे, पुढच्या वर्षी पाठवतो.’ पुढच्या वर्षी अकरावीचे क्लास असतात. पालकांनो, क्रीडागुण आहेत, सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्यासाठी पाठवा असं मी म्हणत नाही. दिवसभर वाकून बसणाऱ्या पंधरा वर्षांच्या शरीराला सकाळचा तास हवा असतो. आठवड्यातून तीन दिवस पाठवा. स्पर्धेला नाही उतरवलं तरी चालेल.

आणि तुमच्यापैकी जे शाळा-कॉलेजात धावले, खेळले आणि आता निवृत्त झाले, त्यांना माझी एक विनंती आहे. एका प्रशिक्षकाकडे चाळीस-पन्नास मुलं असतात. तो सुरुवातीच्या रेषेवर मुलांचे पाय बघतो तेव्हा शेवटच्या रेषेवर वेळ घ्यायला कोणी नसतं. लांब उडीच्या खड्ड्यातली वाळू सारखी करायला कोणी नसतं. उन्हाळ्यात ऊन चढायच्या आत आम्हाला सगळं आटपावं लागतं, तेव्हा तर प्रत्येक हात मोलाचा असतो. घराजवळचं मैदान बघा, पहाटे साडेपाचला तिथे जा आणि जो कोणी मुलांना शिकवत असेल त्याला विचारा, ‘घड्याळ मी धरू का?’ तो नाही म्हणणार नाही.