हजेरीपट आणि नवी नोंद
(नंदनवन, नागपूर येथे शिक्षकांसमोर केलेले भाषण)



माहिती भरण्यात अध्यापनाचा वेळ खर्ची पडतो, ही आपली तक्रार मी खोटी म्हणणार नाही. मीही वर्गावर उभा राहिलेला शिक्षक आहे. परंतु एक फरक ध्यानी घ्यावा. पूर्वी शाळा इयत्तावार बेरजा पाठवीत. बेरजेत एखादे मूल हरवले तरी कोणास कळत नसे. महाराष्ट्रात २०१५ साली ‘सरल’ प्रणाली आली आणि २०२२-२३ पासून ‘यू-डायस प्लस’मध्ये देशभर विद्यार्थ्यांची नावनिशीवार नोंद होऊ लागली. त्यामुळे आता आपली चूक एका विशिष्ट मुलाच्या माथी बसते.

समजा, एखादे कुटुंब कामासाठी खेड्यातून नंदनवनात आले. जुन्या शाळेने मुलाचे नाव ‘ड्रॉपबॉक्स’मध्ये ठेवले, नव्या शाळेने ते तेथून आपल्या पटावर घेतलेच नाही. मूल रोज वर्गात बसते, आणि नोंदीत मात्र शाळा सोडलेले ठरते! नवीनच नोंद केली, तर एका मुलाची दोन मुले होतात.

म्हणून दाखला देताना मुलाचा ‘पेन’ क्रमांक पालकांस अवश्य लिहून द्यावा. प्रवेश देणाऱ्याने नाव विनाविलंब उतरवून घ्यावे. नाव व जन्मतारीख दाखलखारीज नोंदवहीवरूनच भरावी आणि पालकांस वाचून दाखवावी. शेवटी हजेरीपट शेजारी ठेवून एकेक नाव पडताळावे.

वर्गात ‘हजर’ म्हणणारे प्रत्येक मूल त्या नोंदीतही हजर असावे, एवढीच माझी विनंती आहे.