सावाकोचा पहिला ‘नाही’

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलमध्ये इअरफोन विसरलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याच्या एपिसोडचा हा मजकूर. बोलताना मी जिथे अडखळलो ते काढलंय, बाकी जसंच्या तसं.

गेल्या वेळी लाजाळू कॅरेक्टर्सचा विषय निघाला होता. इनबॉक्समध्ये बऱ्याच जणांनी कोमी-सानवर बोला म्हणून सांगितलं. कोमी मलाही आवडते, पण आज मला तिच्या आधीच्या एका मुलीबद्दल बोलायचंय. ‘किमि नी तोदोके’मधली कुरोनुमा सावाको. कारुहो शीनाची ही मांगा २००५ ते २०१७ चालली, तीस खंड झाले. प्रॉडक्शन आय.जी.ने तिचं अ‍ॅनिमे केलं. पहिला सीझन ऑक्टोबर २००९ मध्ये सुरू झाला, दुसरा २०११ मध्ये आला, आणि मग इतकी मोठी गॅप की आपल्यातले काही जण शाळेतून थेट नोकरीला लागले. तिसरा सीझन ऑगस्ट २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. स्पॉयलर आहेत हां, आधीच सांगतो.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सावाको हायस्कूलमध्ये आहे. लांब काळे केस, फिकट चेहरा, आणि हसायला गेली की समोरचा घाबरतो. ‘रिंग’ सिनेमातली भुताची मुलगी आठवते? टीव्हीतून बाहेर येणारी? तिचं नाव सादाको. सावाको, सादाको, एका अक्षराचा फरक. वर्गाला तेवढं पुरलं. तिच्याकडे तीन सेकंद बघितलं की काहीतरी वाईट होतं, अशी अफवा. गंमत म्हणजे सावाको या नावात जपानीत जे अक्षर आहे त्याचा अर्थ होतो टवटवीत, प्रसन्न. आणि ती स्वतः मात्र वर्गातल्या काझेहाया नावाच्या मुलाला बघून म्हणते की हा शंभर टक्के प्रसन्नतेचा बनलेला आहे. स्वतःच्या नावाचा अर्थ दुसऱ्याच्या चेहऱ्यावर शोधत बसलीये बिचारी.

आता लाजाळू म्हटलं की आपल्याकडे एक शब्द लगेच येतो. घुमी. ‘त्यांची मुलगी ना, जरा घुमीच आहे.’ आणि त्यावरचा उपाय पण ठरलेला. बोलायला शिका. इंजिनिअरिंगला असताना प्लेसमेंटच्या आधी आम्हाला ग्रुप डिस्कशनची तयारी करून घ्यायचे, तिथे जो जास्त बोलेल तो कॉन्फिडंट असा सगळा हिशोब. बऱ्याच रोमकॉम पण हेच करतात. चष्मा काढला, केस कापले, जिन्यावरून स्लो मोशनमध्ये उतरली, झाली ग्रोथ.

सावाकोचं तसं होत नाही. तिचे केस शेवटपर्यंत तेच. आवाज पण तेवढाच, मामिको नोतोने तो इतका हळू दिलाय की मला दर वेळी व्हॉल्यूम वाढवावा लागतो. मग ती बदलते कुठे?

पहिली जागा. योशिदा आणि यानो या वर्गातल्या दोन मुली तिच्याशी बोलायला लागतात. लगेच शाळेत अफवा उठतात, त्या दोघींबद्दल घाणेरड्या, आणि वर असं की त्या सावाकोने पसरवल्या. सावाको काय करते? लांब होते. आपल्यामुळे त्यांचं नाव खराब होतंय, तर आपण बाजूला झालेलं बरं. बाहेरून हे फार चांगुलपणाचं दिसतं. पण त्या दोघींच्या बाजूने बघा. त्यांना कुणी विचारलंच नाही. त्यांच्या वतीने सावाकोनेच ठरवून टाकलं. मग वॉशरूममधला सीन येतो. काही मुली त्या दोघींबद्दल वाटेल ते बोलतायत आणि सावाको त्यांच्यासमोर उभी राहते. सादाको म्हटल्यावर जी कधी चिडली नाही, ती मैत्रिणींबद्दल बोललेले शब्द मागे घ्या म्हणून अडून बसते. डायलॉग मोठा नाही, आवाज थरथरतोय. पण ती हटत नाही.

तरी खरं सांगू, हा सीन सगळ्यांना आवडतो आणि मला तो थोडा सोपा वाटतो. दुसऱ्यासाठी उभं राहणं लाजाळू माणसाला अनेकदा जमतं. स्वतःसाठी राहणं अवघड. म्हणून माझ्यासाठी खरी जागा पुढे आहे.

कुरुमी. बाहुलीसारखी दिसणारी, सगळ्यांशी गोड बोलणारी. तिचं खरं नाव उमे, ते तिला आवडत नाही, म्हणून आडनावावरून कुरुमी. ती सावाकोशी मैत्री करते आणि एक दिवस सांगते की मला काझेहाया आवडतो, तू मला मदत करशील का?

इथे थांबा जरा. सावाकोचा नियम काय? रोज एक चांगलं काम. फळा पुसणं, फुलझाडांना पाणी घालणं, परीक्षेच्या आधी वर्गाला अभ्यास समजावणं. ती आयुष्यभर ‘हो’ म्हणत आलीये. लोकांना आपण आवडत नाही, तर निदान उपयोगी तरी पडू, असं ते गणित आहे. ते गणित आपल्यातल्या कितीतरी जणांना पाठ आहे, ऑफिसमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ‘हे जरा बघशील का’ आलं की आपोआप ‘हो’ टाइप करणारे. आणि मैत्रीण मदत मागतेय, तीही प्रेमात. याहून मोठं चांगलं काम कुठलं?

सावाको विचार करते, आणि मदत करू शकत नाही म्हणून सांगते.

बस. एवढंच. माझ्या मते अख्ख्या सीरिजमधला हा सगळ्यात धीट क्षण आहे, कबुलीच्या सीनपेक्षाही. कारण नकार द्यायला तिला आधी मान्य करावं लागलं की मलाही काहीतरी हवंय. जी मुलगी आपली सावली लोकांवर पडू नये म्हणून जपते, ती म्हणतेय की या बाबतीत मी बाजूला होणार नाही. नंतर कळतं की त्या अफवांमागे कुरुमीच होती. तरी सावाको तिला व्हिलन करत नाही, बरोबरीची प्रतिस्पर्धी मानते. आणि कुरुमीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिच्या गोड मुखवट्याशिवाय बघतं. पुढे दुसऱ्या सीझनमध्ये सावाकोला खडसावून जागं करणारी पण तीच.

दुसऱ्या सीझनबद्दल तक्रार आहे, मलाही होती. एकच गैरसमज ताणताणून ताणलाय. व्हॅलेंटाइनला सावाको सगळ्यांना चॉकलेट देते, फक्त काझेहायाला देणं जमत नाही. मग नवीन वर्गात केंतो येतो, गुंता वाढतो. शेवटी दोघं एकमेकांना आवडतं म्हणून सांगतात आणि तरी दोघांनाही वाटतं आपल्याला नकार मिळाला! मी लॅपटॉपवर हात जोडले होते.

पण त्याला एक लॉजिक आहे. तिचा मेसेज जात नाही हे आपल्याला दिसतं. तिला आलेला मेसेज उघडत नाही, हे उशिरा लक्षात येतं. काझेहाया काहीही चांगलं बोलला की तिच्या डोक्यात त्याचं भाषांतर होतं, ‘तो सगळ्यांशीच चांगला वागतो’. आपल्याला कुणी ‘छान केलंस’ म्हटलं की आपण ‘अरे कुठे, सहज झालं’ म्हणून परत पाठवतो ना, तसं. दिसायला तो नम्रपणा. पण समोरच्याने धीर एकवटून काहीतरी दिलेलं असतं, आणि आपण ते न बघताच परत करतो. काझेहायाला पण लागतं ते, आणि सीरिज हे लपवत नाही. नावाचा अर्थच ‘तुझ्यापर्यंत पोहोचू दे’ असा आहे. मी बरीच वर्षं तो सावाकोच्या बाजूनेच वाचत होतो. आता दोन्ही बाजूंनी वाचतो.

म्हणून शाळेच्या फेस्टिव्हलमध्ये ती धावत त्याला शोधायला जाते तेव्हा नुसतं बोलण्याचं धाडस नसतं. त्याने आपल्याला खरंच काही सांगितलं होतं, हे तिने मान्य केलेलं असतं.

तिसऱ्या सीझनमध्ये दोघं एकत्र आहेत आणि तरी अडखळतात, यावेळी गप्प बसणारा काझेहाया आहे, ते मला फार आवडलं. पाचच एपिसोड आहेत पण लांब आहेत, एका शनिवारी संपतात. चिझुरु आणि र्‍यूचा ट्रॅक त्यातच आहे, त्यावर वेगळा एपिसोड करावा लागेल. नवीन बघणाऱ्यांनी पहिल्यापासून सुरू करा, पहिले दोन भाग संथ वाटले तरी सोडू नका. आणि कुरुमीच्या टीमचे कुणी असाल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या वेळी वाजवतो. भेटू.