साठीनंतरची होडी

आम्ही मालवण तालुक्यातल्या, कालावल खाडीच्या काठावर राहणाऱ्या बचत गटाच्या बायका. कालवं-शिनाणे काढायचे, मासळी विकायची, हा आमचा रोजचा उद्योग. आज आम्ही होडीबद्दल बोलणार आहोत. हा पुरुषांचा विषय, असं काहीजणींना वाटेल. पण होडीला लागणारे पैसे घरातले असतात आणि तिच्यातून परत यायचा माणूसही घरातलाच असतो.

आमच्या गावात साठीच्या आसपास दोन तऱ्हेचे पुरुष किनाऱ्यावर येतात. काहीजण जन्मभर दुसऱ्याच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून राबलेले. त्यांच्या हाताला सवय असते, गाठीला पैसा नसतो. दुसरे मुंबईत नोकरी करून फंड घेऊन परतलेले. लहानपणी बापाबरोबर वल्हं मारलं, तेवढीच त्यांची समुद्राची ओळख. दोघांनाही हवी असते स्वतःची होडी. हवी असण्यात वाईट काही नाही. घरी बसून रक्तदाब मोजत राहण्यापेक्षा सकाळी खाडीत दोन तास काढलेले बरे, असं आमचंही मत आहे. प्रश्न एवढाच की होडी कोणती घ्यायची.

हातात रक्कम आली की माणूस रकमेच्या मापाची होडी बघतो. आम्ही म्हणतो, अंगातल्या ताकदीच्या मापाची बघा. आज नाही, आणखी दहा वर्षांनी जी ताकद उरेल तिच्या मापाची. होडी वाळूवर ओढायला किती माणसं लागतील? ती माणसं रोज पहाटे मिळतील का? मुलगा पुण्याला, पुतण्या गोव्याला, मग ओढणार कोण? एक म्हातारा आणि एक शेजारी मिळून ओंडक्यांवरून सरकवतील, तेवढीच होडी आपली. मोठी घेतली की खलाशी ठेवावा लागतो, खलाशाचा हिस्सा निघाला पाहिजे म्हणून लांब जावं लागतं, आणि मग ती निवृत्ती राहत नाही, नवा धंदा होतो.

लाकडाची की फायबरची, यावर आमच्या गटात अजून वाद आहे. लाकडाची होडी पाण्यात जड आणि शांत बसते, गावातला सुतार ती दुरुस्त करतो. पण दरवर्षी तेलपाणी, फटी बुजवणं आलंच, आणि खाडीच्या पाण्यात लाकूड पोखरणारा किडा लागतो. फायबरची हलकी आणि देखभालीला सोपी. साठीच्या माणसाला फायबरचीच बरी, असं आमच्यातल्या बहुतेकींना वाटतं. दोघी मात्र लाकडावर ठाम आहेत, आणि त्यांचे घरचे चाळीस वर्षं समुद्रात जातात, त्यामुळे त्यांना गप्प करता येत नाही!

तळ मात्र नीट बघा. सपाट तळाची होडी उथळ पाण्यात चालते, माणूस उभा राहिला तरी फारशी कलत नाही, पण लाटेवर आपटते. निमुळत्या तळाची लाट कापते, पण तिला पाणी खोल लागतं. खाडीतच तांबोशी, काळुंदर, कुर्ल्या धरायच्या असतील तर सपाट, रुंद तळाची घ्या. खाडीचं मुख ओलांडून बाहेर जायचा विचार असेल तर आधी घरात बसून त्या विचाराचीच चर्चा करा. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर पडत असतं, समोरून वारा येतो, तेव्हा मुखावरच्या वाळूच्या पट्ट्यावर लाटा उभ्या राहतात. तरुण माणसाचीही तिथे परीक्षा असते.

फायबरच्या होडीत आणखी एक गोष्ट विचारायची. आत फोम भरलेले बंद कप्पे आहेत का? असले तर पाणी भरलं तरी होडी तरंगत राहते आणि धरून राहायला काहीतरी उरतं. नसले तर फायबरही बुडतं. जुनी होडी घेत असाल तर बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा. एखाद्या जागी आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेले असू शकतात. मागे इंजिन जिथे अडकवतात ती फळी आतून कुजते आणि वरून रंग मारलेला असतो. इंजिन धरून वरखाली हलवा, फळी हलली तर तिथूनच घरी या. लाकडाची असेल तर टोकदार सुरी खुपसून बघा. विकणारा रागावला तर रागावू दे.

इंजिनाचं गणितही पाठीवरच येतं. नऊ-दहा एचपीचं आउटबोर्ड मशीन चाळीस किलोच्या आसपास असतं, आणि ते रोज काढून घरी आणायचं तर ओझंच आहे. टू-स्ट्रोक हलकं, दुरुस्तीला सोपं, पण इंधन जास्त पितं आणि त्याला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. फोर-स्ट्रोक जड, पण कमी पितं. कोणतंही घ्या, ज्याची दुरुस्ती तालुक्याच्या गावात होते तेच घ्या. इंधनाचा हिशेब तिघांत करायचा: एक भाग जायला, एक यायला, एक हाताशी. आणि मशीन कितीही नवं असलं तरी दोन वल्ही होडीत हवीतच.

आता आमच्या जिव्हाळ्याचं. साठीचा माणूस बहुतेक वेळा एकटाच जातो. एकटा माणूस पाण्यात पडला आणि होडी चालतच राहिली तर काय? म्हणून मशीनला एक दोरी असते, तिचं एक टोक मनगटाला किंवा पायाला बांधतात. माणूस पडला की दोरी निसटते आणि मशीन बंद पडतं. ती दोरी बांधल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. दुसरं, पाण्यातून होडीत परत चढणं. विशीत मुलं उडी मारून चढतात, साठीत हात साथ देत नाहीत. मागच्या बाजूला दोरीची शिडी टांगून ठेवा, दोन पायऱ्या पाण्याखाली जातील एवढी. लाइफ जॅकेट फळीखाली कोंबायचं नाही, अंगात घालायचं, आणि त्याला शिट्टी बांधायची. मोबाइल प्लास्टिकच्या बंद पिशवीत, त्यात १५५४ हा तटरक्षक दलाचा आणि १०९३ हा सागरी पोलिसांचा नंबर. विजेरी, पिण्याचं पाणी, साखरेच्या गोळ्या, त्या दिवसाचं औषध. नांगराची दोरी पाण्याच्या खोलीच्या निदान पाचपट लांब, नाहीतर नांगर वाळूत धरत नाही. जाळं कोरडं असताना उचलून बघू नका, भिजवून उचलून बघा.

आणि डोळे. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन आधी, होडी नंतर.

पैशाबद्दल आमच्या गटाने स्वतःपुरतं ठरवलंय: फंडातला चौथा हिस्साच होडी, मशीन, जाळी मिळून लागला पाहिजे. राज्यात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत मिळकत नाही, कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. मच्छीमारांना २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मिळतं, ते जाळी-इंधनासारख्या चालू खर्चाला बरं. २०२० मध्ये आलेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत महिलांना खर्चाच्या ६० टक्क्यांपर्यंत आणि सर्वसाधारण गटाला ४० टक्क्यांपर्यंत अनुदान ठरलं होतं. म्हणून होडी कोणाच्या नावावर, हा प्रश्न घरात मोकळेपणाने निघू दे. पण अर्ज कोणत्या घटकात बसतो हे मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, मंजुरीचा कागद हातात येण्याआधी खरेदी करू नका, आणि "मी करून देतो" म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. जुनी होडी घेतली तर नोंदणी आणि परवाना आपल्या नावावर झाल्याशिवाय पूर्ण रक्कम द्यायची नाही.

होडी आली की एक वही भिंतीला टांगा. निघताना वेळ, कुठल्या बाजूला जाणार आणि कधीपर्यंत येणार, एवढंच त्यांनी लिहायचं. परतायची वेळ टळून तासभर झाला की कोणाला फोन करायचा, तो नंबर त्याच वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. आमच्याकडे तीन घरांत अशी वही आहे. सुरुवातीला मालक कुरकुरले, आता स्वतःहून लिहितात, आणि काय मासळी मिळाली तेही लिहितात, थोडं वाढवून!