हवाई मालवाहतूक आणि संगणकाची चाळणी

(भंडारा जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



विमानाने परदेशी जाणारा माल, त्यावरील निर्बंध आणि तो माल तपासणारे संगणक यांचा भंडारा जिल्ह्याशी संबंध काय, असा प्रश्न आपणांपैकी अनेकांच्या मनात आला असेल. तो स्वाभाविक आहे. आपला जिल्हा धानाचा आणि तलावांचा. परंतु याच जिल्ह्यात भौगोलिक मानांकन लाभलेला सुवासिक चिन्नोर तांदूळ पिकतो, मोहाडी परिसरात कोशाचे वस्त्र विणले जाते, भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचे नाव जुने आहे आणि जवाहरनगरला संरक्षण साहित्याचा कारखाना आहे. नागपूरचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ येथून फार दूर नाही. २०२२ सालापासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे सुरू केल्यामुळे लहान उत्पादकालाही आपले पार्सल परदेशी धाडण्याची वाट मोकळी झाली आहे. गावचा बचत गट किंवा शेतकऱ्यांची उत्पादक कंपनी ज्या दिवशी पहिले पार्सल पाठवील, त्या दिवशी ते पार्सल एका अदृश्य चाळणीतून जाईल. ती चाळणी कशी चालते आणि ती कोठे चुकू शकते, हे आपण समजून घेतले पाहिजे.

तीन प्रकारची बंधने

विमानातून पाठवावयाच्या मालावर मुख्यतः तीन प्रकारची बंधने असतात.

पहिले बंधन देशाच्या निर्यात धोरणाचे. काही वस्तू मुक्तपणे पाठविता येतात, काहींना परवाना लागतो, तर काहींची निर्यात पूर्णपणे बंद असते. मोराच्या पिसांचे उदाहरण घ्या. रानात गळून पडलेले पीस वेचणे हा आपल्याकडे पोरांचा नित्याचा खेळ आहे. परंतु मोरपिसे आणि त्यांपासून केलेल्या शोभेच्या वस्तू यांच्या निर्यातीला बंदी आहे. एखाद्या बचत गटाने कौतुकाने केलेला मोरपिसांचा पंखा परदेशी पाठविण्याच्या पेटीत ठेवला, तर त्या पंख्यापायी सगळी पेटी अडकून पडेल.

दुसरे बंधन जागतिक शांततेसाठी घातलेले आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने २००४ साली १५४० क्रमांकाचा ठराव संमत केला आणि महासंहारक अस्त्रांसाठी उपयोगी पडणारे साहित्य नको त्या हातांत पडू नये, ही जबाबदारी प्रत्येक राष्ट्रावर टाकली. भारताने २००५ साली त्याविषयी स्वतंत्र कायदा केला. आपल्याकडे अशा वस्तूंची ‘स्कोमेट’ नावाची यादी आहे. तीत विशेष रसायने, सूक्ष्म जीव, साहित्य, उपकरणे व तंत्रज्ञान यांचा समावेश होतो, आणि दारूगोळ्याला त्यात वेगळा वर्ग आहे. यांतील पुष्कळ वस्तू दुहेरी उपयोगाच्या असतात. ट्रायइथेनोलअमाइन हे रसायन सौंदर्यप्रसाधनांत वापरले जाते, आणि तेच रासायनिक अस्त्रांविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या तिसऱ्या अनुसूचीतही आहे. वस्तूंबरोबरच व्यक्तींच्या व संस्थांच्याही याद्या असतात. सुरक्षा परिषदेने निर्बंध लादलेल्यांशी व्यवहार करता येत नाही. शिवाय परदेशी विमान कंपन्या आणि बँका आपापल्या देशांच्या याद्याही पाळतात. त्यामुळे भारतीय कायद्याचा भंग झालेला नसतानाही एखादा व्यवहार अडू शकतो.

तिसरे बंधन विमानाच्या सुरक्षिततेचे. स्फोटक, ज्वालाग्राही, विषारी, गंजविणारे अशा धोकादायक पदार्थांचे आंतरराष्ट्रीय नियमांत नऊ वर्ग केलेले आहेत. काडेपेटी, रंग, अत्तर, लिथियमची बॅटरी या घरातल्या वस्तू, परंतु विमानाच्या पोटात त्या योग्य बांधणी आणि योग्य घोषणेवाचून जाऊ शकत नाहीत.

चाळणी कशी चालते

पूर्वी हे सारे कागद माणूस वाचत असे. मालाचा ओघ वाढला, याद्या लांबल्या आणि त्या वारंवार बदलू लागल्या, तेव्हा हे काम माणसाच्या डोळ्यांना आणि स्मरणाला पेलेनासे झाले. भारतीय सीमाशुल्क विभागाने संगणकावर आधारित जोखीम व्यवस्थापन पद्धती आयातीसाठी २००५ साली आणि निर्यातीसाठी २०१३ साली अमलात आणली.

निर्यातदार शिपिंग बिल संगणकावरून दाखल करतो. त्यात वस्तूचे वर्णन, आठ अंकी संकेतांक, किंमत, वजन, पाठविणारा, घेणारा आणि देश ही माहिती असते. संगणक संकेतांकावरून निर्यात धोरण तपासतो आणि जोखमीचे नियम लावतो. वाहतूकदार व विमान कंपन्या आपल्या संगणकांवर घेणाऱ्याचे नाव-पत्ता निर्बंधांच्या याद्यांशी ताडून पाहतात आणि वर्णनातील शब्दांवरून धोकादायक मालाची शंका घेतात. शंका नसलेला माल लवकर पुढे जातो. शंकेचा माल तपासणीसाठी बाजूला काढला जातो. या व्यवस्थेचा लाभ प्रामाणिक निर्यातदाराला निःसंशय झाला आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. क्ष-किरण यंत्राची तपासणी वेगळी. ही चाळणी पेटी उघडून पाहत नाही. ती कागद वाचते. कागदावर जे लिहिले असेल, तेच तिच्या दृष्टीने सत्य असते.

तांदळाने दिलेला धडा

याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच पिकाचे आहे. तांदूळ बहुतांशी जहाजाने जातो हे खरे, परंतु संकेतांकाची चाळणी जहाजाला आणि विमानाला एकच असते.

२० जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने देशातील भाववाढ रोखण्यासाठी बासमतीखेरीज अन्य पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली. त्या वेळच्या दरसूचीत उकडा तांदूळ, बासमती आणि ‘इतर’ असे वेगवेगळे संकेतांक होते. बंदी आली ती ‘इतर’ या संकेतांकावर. उकडा आणि बासमती बंदीबाहेर होते. मग काय घडले? काही ठिकाणी साधा पांढरा तांदूळ बासमतीच्या किंवा उकड्याच्या संकेतांकाखाली बाहेर जात असल्याच्या तक्रारी सरकारकडे आल्या. कागदावर बासमती लिहिले की संकेतांकाच्या चाळणीला तो बासमतीच. अखेर २७ ऑगस्ट २०२३ रोजी सरकारने प्रतिटन १,२०० डॉलरपेक्षा कमी किमतीचे बासमतीचे करार रोखून धरण्याची व्यवस्था जाहीर केली. पुढे ही मर्यादा ९५० डॉलरवर आणण्यात आली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती काढून टाकण्यात आली. किंमत ही दुसरी चाळणी लावण्याची ही युक्ती अनुभवी माणसांना सुचली. बासमती इतका स्वस्त कसा, हा प्रश्न आधी माणसाने विचारला, मग तो नियमांत आला.

याच घटनेची दुसरी बाजू आपल्या जिल्ह्याला अधिक जवळची आहे. चिन्नोर हा सुवासिक तांदूळ. त्याची लागवड, त्याची किंमत आणि त्याचा ग्राहक सर्वसाधारण तांदळाहून निराळा. परंतु दरसूचीला चिन्नोर ठाऊक नव्हता. तिच्या लेखी तो ‘इतर’ होता, आणि म्हणून बंदीच्या जाळ्यात तोही आला. येथे कोणी लबाडी केली नव्हती आणि यंत्रही चुकले नव्हते. यादीत त्याला नावच नव्हते. २८ सप्टेंबर २०२४ रोजी बंदी उठली, आणि २०२५ च्या वित्त अधिनियमाने भौगोलिक मानांकन लाभलेल्या तांदळासाठी दरसूचीत स्वतंत्र संकेतांक निर्माण केले. यंत्राला जे वेगळे ओळखायचे, त्याला आधी माणसाने वेगळे नाव द्यावे लागते, हा या प्रकरणाचा बोध आहे.

नावांचा गुंता

वस्तूंपेक्षा नावांची चाळणी अधिक नाजूक आहे. आपल्या ‘चौधरी’ या आडनावाचे देवनागरीत एकच रूप, पण रोमन लिपीत ते चार-पाच परींनी लिहिले जाते. आपल्या पवनी गावाची अक्षरयोजनाही रोमनमध्ये एकसारखी आढळत नाही. अरबी, फारसी किंवा रशियन नावांची स्थिती याहून बिकट असते. त्यामुळे संगणकाला तंतोतंत जुळणीवर विसंबून चालत नाही. त्याला ‘जवळपास सारखे’ नावही पकडावे लागते. आणि तेथेच निरपराध माणूस सापडतो.

एक काल्पनिक हिशेब मांडू. समजा, एक लाख पार्सले आली आणि त्यांत खरोखर आक्षेपार्ह दहाच आहेत. यंत्राने ती दहाही पकडली, परंतु निर्दोष पार्सलांपैकी शेकडा एकाविषयी त्याची चूक झाली. शेकडा एक चूक ऐकताना किरकोळ वाटते. पण बाजूला काढलेल्या सुमारे एक हजार दहा पार्सलांत निर्दोष पार्सले एक हजार असतील. शिक्षक मित्रांनी हे गणित नववी-दहावीच्या वर्गात अवश्य घालावे. यंत्राने अडविले म्हणजे माणूस दोषी, असे समजणारा अधिकारी या उदाहरणात शंभरांतून नव्व्याण्णव वेळा अन्याय करील. उलट, कटकट नको म्हणून चाळणी फार सैल केली, तर त्या दहांतील एखादे निसटेल, आणि त्याची किंमत माणसांच्या प्राणांनी मोजावी लागेल.

कागद खोटा असेल तर

प्राणांची गोष्ट मी अतिशयोक्तीने करीत नाही. ११ मे १९९६ रोजी अमेरिकेत व्हॅल्यूजेट कंपनीचे एक विमान फ्लोरिडातील दलदलीत कोसळले आणि ११० जण मृत्युमुखी पडले. त्याच्या मालकक्षात प्राणवायू निर्माण करणारी रासायनिक उपकरणे होती. ती रिकामी असल्याची नोंद कागदावर होती; प्रत्यक्षात ती रिकामी नव्हती, आणि त्यांनी पेट घेतला. एका चुकीच्या शब्दाचा हा परिणाम.

ऑक्टोबर २०१० मध्ये येमेनहून अमेरिकेला निघालेल्या दोन पार्सलांत, छपाई यंत्राच्या शाईच्या नळकांड्यांत दडविलेले बाँब दुबई आणि इंग्लंड येथे सापडले. ते पकडले गेले गुप्त वार्तेमुळे. इंग्लंडमध्ये तर पहिल्या झडतीत काहीच हाती लागले नव्हते. त्यानंतर विमानात माल चढण्यापूर्वीच त्याची माहिती संगणकाने मागवून तपासण्याच्या पद्धतीला जगभर गती मिळाली. पहिल्या घटनेत कागद चुकला, दुसऱ्या घटनेत माणसाने दिलेल्या वार्तेने अनर्थ टळला. यंत्र या दोहोंच्या मध्ये उभे आहे.

आपले कर्तव्य

म्हणून चाळणीच्या दोन्ही टोकांना असलेल्या माणसांवर खरी जबाबदारी आहे. पहिले टोक गावात आहे. पार्सलात काय आहे ते नेमके लिहावे. ‘हस्तकला वस्तू’ किंवा ‘भेटवस्तू’ असे मोघम शब्द शंकेला आमंत्रण देतात. ‘हातमागावर विणलेली कोशाची साडी, दोन नग’ हे वर्णन शंका दूर करते. घेणाऱ्याचे नाव त्याच्या अधिकृत कागदपत्रात असेल त्याच अक्षरांनी, पूर्ण लिहावे. निर्यातीपूर्वी वस्तूवर त्या दिवशी बंधन आहे किंवा नाही, हे विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनांवरून पाहावे; कारण मागील वर्षी मुक्त असलेली वस्तू यंदा बंद असू शकते. ग्रामपंचायतींनी आपल्या उत्पादक गटांना एवढी माहिती मिळवून दिली, तरी मोठे काम होईल.

दुसरे टोक अधिकाऱ्याच्या टेबलावर आहे. यंत्राने माल अडविला, तर का अडविला हे संबंधिताला कळले पाहिजे. कोणता कागद दिल्यास शंका फिटेल हे सांगितले पाहिजे. आणि ठराविक मुदतीत कोणीतरी नावानिशी निर्णय घेतला पाहिजे. ‘संगणकाने नाकारले’ हे उत्तर होऊ शकत नाही. संगणक शंका घेतो. निर्णयाची सही माणसाची असते. हा नियम विमानतळापुरता नाही. शिधापत्रिका, शिष्यवृत्ती, अनुदान या सर्व कामांत आज संगणकाची चाळणी लागलेली आहे, आणि तेथेही नावातील एका अक्षराच्या फरकाने गरजू माणूस बाहेर राहू शकतो. त्याला परत आत घेण्याचा अधिकार आणि कर्तव्य आपणांपाशीच आहे.

आपल्या घरी तांदूळ चाळताना कोंडा खाली जातो आणि खडा वर राहतो. परंतु तांदळाच्या आकाराचा खडा चाळणीला कळत नाही. तो निवडायला सूप लागते आणि निवडणाऱ्याचे डोळे लागतात. भंडाऱ्याच्या घराघरांत हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे. नव्या यंत्रयुगात तेच ज्ञान कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत वापरावे, एवढीच आपणां सर्वांना विनंती करून मी आपली रजा घेतो.