जुनी यंत्रे आणि हातांतील विद्या

(कामगार अभ्यासवर्गातील भाषण)



जुना लेथ भंगारात निघतो तेव्हा त्याची किंमत वजनावर ठरते. त्या यंत्राबरोबर ते दुरुस्त करू जाणणारा माणूसही हिशेबातून बाद होतो, याकडे मात्र आपले फारसे लक्ष जात नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते. पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, तेव्हा जमिनीच्या भावाची चर्चा पुष्कळ झाली. गिरण्यांतील फिटर-टर्नरांच्या विद्येचे काय झाले, हे फार थोड्यांनी विचारले.

ही विद्या कशी असते ते पाहू. लेथवर बहुतेक काम चकच्या जवळ होते, म्हणून बिडाचा बेड तेवढ्याच भागात अधिक झिजतो. अशा लेथवर लांब दांडा कातला, तर त्याची जाडी सर्वत्र सारखी येत नाही. नवशिका टूलला दोष देतो. जाणता फिटर बेड तपासतो. अचूक सपाट पट्टीला निळ्या शाईचा पातळ थर देऊन ती बेडवर फिरवली, की उंचवट्यांवर निळे डाग उमटतात. ते स्क्रेपरने खरवडायचे, पुन्हा पट्टी फिरवायची, पुन्हा खरवडायचे. डाग सर्वत्र सारखे विखुरले जाईपर्यंत हे चालते. हाताचा दाब किती असावा, कुठे थांबावे, हे जाणत्याच्या शेजारी उभे राहूनच कळते.

१९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा आग्रह धरला. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन करून, शाळा सुटलेली ग्रामीण मुले काम करता करता विज्ञान शिकू शकतात, हे दाखवून दिले. तरीही बहुतेक शाळांत कार्यानुभव हा वेळापत्रकातील एक तासच राहिला. लेखणी धरणारा वरचा आणि हत्यार धरणारा खालचा, ही जातिव्यवस्थेने दिलेली उतरंड आपण मोडलेली नाही, हे त्याचे मूळ कारण होय.

मात्र श्रमप्रतिष्ठेच्या नावाखाली स्वस्त मजूर मिळवण्याचा डावही ओळखला पाहिजे. १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा शिकाऊला कामगार मानत नाही. तो काय शिकला याची तपासणी नसेल, तर शिक्षण नावापुरते उरते आणि राबवणूक तेवढी खरी ठरते. शिवाय जुन्या यंत्राचे पट्टे आणि दातेरी चाके उघडी असतील, तर त्यांवर आधी संरक्षक जाळी बसली पाहिजे. शिकणाऱ्याचे बोट गमावून यंत्र वाचवण्यात काही अर्थ नाही.

आपली मागणी साधी आहे. प्रत्येक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेने मोडीत निघालेले एक तरी यंत्र दुरुस्तीसाठी घ्यावे आणि निवृत्त कामगाराला, पदविकेची अट न घालता, योग्य मानधन देऊन शिकवण्यास बोलवावे. कामगार संघटनांनी सरकारची वाट न पाहता अशा जाणत्यांची यादी आजच करावयास घ्यावी. कारण ही माणसे आता वृद्ध झाली आहेत. यंत्रांची मालकी आपल्याकडे कधीच नव्हती. ती चालती ठेवण्याचे ज्ञान मात्र आपले आहे, आणि ते पुढच्या पिढीच्या हाती देणे हे संघटनेचेच काम आहे.