चक्रावरची मालकी

दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळावयाच्या व्हिडिओ गेममध्ये अंगठ्याखाली एक दांडी असते. पर्याय वर्तुळात मांडले, की दांडी कलताच निवड होते. ही सोय मानवी हाताच्या ठेवणीतूनच निघालेली आहे. वर्तुळाकार मेनू यादीपेक्षा जलद ठरतो, हे मेरीलँड विद्यापीठातील प्रयोगाने १९८८ सालीच दाखवले. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९३ साली ‘सीक्रेट ऑफ माना’त तसे कडे वापरलेही.

२००७ च्या ‘मास इफेक्ट’ने संवादाची उत्तरे चक्रावर बसवली: सौम्य वर, उद्धट खाली. कल्पकता खरीच, ती मात्र राबणाऱ्या कारागिरांची! २०११ साली अमेरिकेत त्या मांडणीचे पेटंट मिळाले ते इलेक्ट्रॉनिक आर्ट्स कंपनीला. वकिलाचा खर्च न झेपणाऱ्या छोट्या चमूने मग काय करावे? चक्रच टाळावे, खटला भरण्याचीही गरज उरत नाही.

हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. यंत्राशी जोडलेल्या संगणक-आज्ञावलीसाठी पेटंटचे दार भारतातही डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने किलकिले केले होते. २००५ साली संसदेने ती तरतूद गाळली.